तपासून सांगतो

१

यातलं किती मला खरोखर आठवतं आणि किती मी मागाहून भरून काढलं आहे, हे मला सांगता येणार नाही. माझं वय चौऱ्याहत्तर आहे. पस्तीस वर्षं मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, आणि त्या पस्तीस वर्षांत एकाही गोष्टीबद्दल मी छातीठोकपणे बोललो असेन असं मला वाटत नाही. विद्यार्थी मागून माझी नक्कल करायचे. "सर, आज वार कोणता?" एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने चष्मा पुसत म्हणायचं, "तपासून सांगतो." मी ते ऐकलं होतं. मलाही हसू आलं होतं.

तेव्हा जे झालं ते मी क्रमाने लिहितो. क्रम तरी बरोबर असावा.

दोन हजार सतरा साली माझ्या मुलीने, प्रीतीने, मला सायकल घेऊन दिली. साखर वाढली होती, चालताना गुडघे दुखायचे, डॉक्टर म्हणाले सायकल चालवा. तिने आणली ती ग्रॅव्हल बाइक, जाड टायरची, खडीवर आणि मातीच्या वाटेवर चालणारी. हँडलला पुढे एक छोटी चेनची पिशवी होती. आम्ही बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात राहतो. तिथून सोनिवलीच्या बाजूला गेलं की नव्या इमारती संपतात, आणि त्यांच्या मागे बंद पडलेल्या दगडखाणींमधून खडीच्या वाटा जातात. करवंदीच्या जाळ्या, रानटी घाणेरी, मध्ये मध्ये खाणीचे पाण्याने भरलेले खड्डे. पूर्वी डंपर जायचे त्या वाटा. आता गुरं जातात आणि आमच्यासारखे रिकामटेकडे.

दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी माझी चेन उतरली. मी ती लावायचा प्रयत्न करत होतो तेव्हा मागून एक धष्टपुष्ट माणूस सायकलवरून आला, उतरला, काही न विचारता चेन बसवून दिली आणि तेलकट हात गवताला पुसत म्हणाला, "काका, ही काय खास खडीची सायकल? आमच्या गावात सगळ्याच सायकली खडीवर चालायच्या. आम्हाला कोणी सांगितलं नाय, नायतर आम्ही पण नाव दिलं असतं."

तो धर्मेश. सोनिवलीचा, आगरी, अडतीस वर्षांचा. बांधकामाला रेती-खडी पुरवायचा धंदा. पोट सुटलं म्हणून बायकोने सकाळी घराबाहेर काढायला सुरुवात केली होती. मी प्रोफेसर होतो हे कळल्यावर 'काका'चं 'सर' झालं, आणि त्या दिवसापासून आम्ही रोज सकाळी सहाला एकत्र निघू लागलो. तो पुढे, मी मागे. दोन सायकलींच्या टायरखाली खडी चुरचुरायची. त्याच्या टायरचा आवाज जाड, माझ्या टायरचा बारीक. मला तो आवाज फार आवडायचा.

२

आमच्या वाटेवर एक खाण होती. तिला तिथले लोक सोनखाण म्हणतात.

तिथे पोचलं की धर्मेश सायकल लावायचा, कडेला जाऊन खालच्या हिरव्या पाण्याकडे बघून हात जोडायचा आणि परत यायचा. पहिल्या आठवड्यात मी विचारलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यानेच सांगितलं. त्याचे वडील इथे गेले. तो सहा वर्षांचा होता. पावसाळ्यात खाणीचं काम बंद असायचं, तेव्हा गावातल्या तिघांनी चोरून आत बीळ खणलं, कारण दगडात सोनं दिसलं होतं. वरचा दगड बसला. तिघंही दुसऱ्या दिवशी बाहेर काढले. "अग्नी मीच दिला सर. मला वाटलेलं, होळी आहे."

मी वडिलांचं नाव विचारलं. तो म्हणाला, हरिचंद्र.

मी चष्मा काढला आणि पुसत बसलो.

एकोणीसशे पंच्याऐंशीच्या पावसाळ्यात हरिचंद्र नावाचा एक माणूस माझ्याकडे कॉलेजात आला होता. दुपारची वेळ, प्रयोगशाळेत मी एकटा. तो दारातच उभा राहिला. कपडे भिजलेले, पायांना चिखल, नखांत दगडाची पांढरी पूड. रुमालाची गाठ सोडून त्याने टेबलावर एक दगड ठेवला. काळ्या दगडात पिवळे चमकदार ठिपके. तो म्हणाला, "साहेब, आमच्या गावाच्या नावातच सोनं आहे. हे तेच ना?"

ते पायराइट होतं. लोखंड आणि गंधक. पहिल्या वर्षाच्या मुलालाही कळलं असतं. झिलई नसलेल्या चिनीमातीच्या तुकड्यावर दगडाने रेघ ओढायची. सोन्याची रेघ पिवळी येते, पायराइटची काळी. एक मिनिटाचं काम. मला बघताक्षणी कळलं होतं. पण तो माणूस ज्या नजरेने माझ्याकडे बघत होता, त्या नजरेपुढे मला वाटलं, समजा मी चुकलो तर? समजा आत थोडं खरं असलं तर? मी दगड उचलला, चष्मा पुसला आणि म्हणालो, "तपासून सांगतो. आठवड्याने या."

तो मान हलवून गेला. परत आला नाही. काही महिन्यांनी कॉलेजच्या शिपायाकडून उडत उडत कळलं की सोनिवलीकडे श्रावणात खाणीत माणसं गेली, त्यात हरिचंद्र नावाचा एक. मी पुढे एक शब्द विचारला नाही. विचारायची हिंमत नव्हती. हिशेब सरळ होता. मी 'नाही' म्हणालो असतो तर ते बीळ तिथेच थांबलं असतं. माझ्या 'तपासून सांगतो'च्या आशेवर तो माणूस आणखी आठ दिवस खणत राहिला.

आणि आता त्याचा मुलगा रोज सकाळी माझी सायकल उंबऱ्यावरून खाली उतरवून द्यायचा. मी त्याला सांगितलं नाही. उद्या सांगू, असं रोज वाटायचं.

३

पहिला दगड डिसेंबरात सापडला.

घरी येऊन मी हँडलच्या पिशवीतून रुमाल काढायला गेलो तर आत दगड. मुठीएवढा, काळा, पिवळे ठिपके. मला वाटलं मीच उचलला असेन. भूशास्त्राच्या माणसाचे खिसे दगडांनी भरलेले असतात. मी तो खिडकीत ठेवला. मग परत हातात घेतला, कारण काहीतरी बरोबर नव्हतं.

दगड ताजा फुटलेला होता. उघड्यावर पडलेल्या पायराइटवर आपल्या हवेत काही महिन्यांत तपकिरी गंज चढतो. याच्या कडा ब्लेडसारख्या होत्या आणि ठिपके आरशासारखे. नाकाशी धरला तर गंधकाचा वास आला, हातोडा पडल्या पडल्या येतो तसा. ती खाण तीस वर्षांहून जास्त पाण्याखाली होती. तिथे कोणी दगड फोडत नव्हतं.

चार दिवसांनी दुसरा. मग आठवड्याला दोन. खिडकीत रांग लागली. दर वेळी ओला.

प्रीतीने आधी चेष्टा केली, की बाबा, घर बांधताय का. मग तिने चेष्टा बंद केली. एकदा मी आंघोळीला गेलो असताना ती फोनवर कोणाशी तरी बोलत होती, "स्वतःच आणतात आणि विसरतात," असं हळू आवाजात. पुढच्या आठवड्यात ती मला कल्याणला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. मी ते बरोबर केलं. निघताना डॉक्टर प्रीतीला म्हणाले, वयाच्या मानाने ठीक आहे, लक्ष ठेवा.

मला प्रीतीचं म्हणणं पटत होतं. ज्या माणसाने बत्तीस वर्षं एक गोष्ट दाबून ठेवली, त्याच्या हाताने त्याला न कळवता दगड उचलले तर त्यात नवल काय? म्हणून मी तपास केला. निघण्याआधी पिशवीच्या चेनला पांढरा दोरा बांधून माझी म्हणून मला ओळखता येईल अशी दुहेरी गाठ मारली, आणि धर्मेशला, कारण न सांगता, माझ्या पुढे न राहता मागे राहायला सांगितलं. म्हटलं, माझ्यावर लक्ष ठेव, मी कुठे थांबतो का बघ.

"का सर, चक्कर बिक्कर येते का?"

परत आल्यावर तो म्हणाला, खाणीपाशी सोडून कुठेच थांबला नाहीत. गाठ जशीच्या तशी होती. मी कात्रीने दोरा कापला. आत दगड होता, ओला.

तेव्हा मात्र मला प्रीतीचं म्हणणं खरं ठरलं असतं तर बरं वाटलं असतं.

४

जानेवारीत एका मंगळवारी धर्मेशला साइटवर माल उतरवायचा होता, तो आला नाही. मी एकटा गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. कदाचित तपास पूर्ण करायचा होता. अर्धवट तपास मला झोपू देत नाही.

ऊन वर आलं होतं. कुठेही धुकं नाही, अंधार नाही. अंबरनाथच्या बाजूच्या कारखान्याचा भोंगा दूरवर वाजला, म्हणजे आठ. सोनखाणीच्या अलीकडच्या चढावर मी सायकलवरून उतरलो आणि ती हातात धरून चालू लागलो.

खडीवर माझ्या सायकलचा आवाज येत होता. बारीक, चुरचुर. आणि माझ्या चपलांचा. थोड्या वेळाने लक्षात आलं की तिसराही आवाज आहे, जड, ओल्या पायांचा, माझ्या उजव्या बाजूला, सायकलच्या पलीकडून. मी थांबलो की तो थांबत नव्हता लगेच. एक पाऊल जास्त टाकून थांबायचा, जसं कोणीतरी बेसावध असताना थांबतो.

मी मान वर केली नाही. हे मला नक्की आठवतं. मी हँडलकडे बघत राहिलो.

पिशवीवर एक हात आला. सावळा, मनगटापर्यंत पाण्याने सुरकुतलेला, धुणं धुतल्यावर होतो तसा. नखांत पांढरी पूड. त्या हाताने चेन सावकाश उघडली, दगड आत ठेवला, तो नीट बसावा म्हणून थोडा सरकवला. फार काळजीने. मग चेन लावली आणि पिशवीवर दोनदा थोपटलं. हात तिथेच राहिला.

"साहेब, बघितलं का?"

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी पळू शकलो असतो. मला आतापर्यंत समजलं होतं की काय म्हणायचं आहे. एकच शब्द होता, आणि तो मी खिडकीतल्या दगडांपुढे कित्येकदा म्हणून पाहिला होता. मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडातून, माझ्याच जुन्या, नम्र आवाजात आलं:

"तपासून सांगतो."

हात निघून गेला. पावलं खाणीच्या दिशेने खाली उतरत गेली, आणि पाण्याचा आवाज न होता बंद झाली.

५

त्यानंतर माझ्या पिशवीत दगड आला नाही. पाच दिवस मी पिशवी उघडून बघत होतो, रिकामी. सुटलो असं वाटू लागलं होतं.

रविवारी सोनखाणीपाशी धर्मेशने पाण्याची बाटली काढायला स्वतःच्या पिशवीत हात घातला आणि त्याच्या हातात दगड आला.

त्याने तो उन्हात फिरवून बघितला. मग हसला, लहान मुलासारखा. "सर, ये क्या है? हे तर... सर, बाबांचं आहे हे."

मी काही बोलायच्या आत तो खाली उतरू लागला होता. पाणी हिवाळ्यात खाली गेलं होतं, आणि डंपरच्या जुन्या उतारावरून समोरच्या कड्यापर्यंत जाता येत होतं. कड्याच्या तळाशी भगदाड होतं. माणूस वाकून आत जाईल एवढं. रोज आम्ही तिथे थांबत होतो, पण ते उघडं पडलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. धर्मेश मोठ्याने बोलत होता, स्वतःशीच: दोन पंप लावून पाणी उपसू, पोकलेन माझाच आहे, कोणाला सांगायचं नाय. भगदाडाच्या वरचा दगड उभा चिरलेला होता. मला तो वरूनही दिसत होता. मी आयुष्यभर दगडांच्या चिरा बघितल्या आहेत.

मी हाक मारली. तो भगदाडाशी वाकला होता. त्याने मोबाइलचा उजेड आत टाकला, मग मान वळवून वर माझ्याकडे बघितलं.

"सर, तुम्ही एवढे शिकलेले. तुम्ही बोला. सोनं आहे का? तुम्ही नाय बोललात तर मी वर येतो, बस."

जिभेवर ते दोन शब्द आले होते. मला त्यांची चव कळत होती. आणि त्याच वेळी मला जाणवलं की इतका वेळ एक आवाज चालू आहे, टक्, टक्, दगडावर हातोडीचा, भगदाडाच्या आतून, आणि तो आता थांबला आहे. मी काय म्हणतो ते ऐकायला थांबला आहे.

"नाही," मी म्हणालो. "सोनं नाही. पायराइट आहे. तेव्हाही सोनं नव्हतं, मला तेव्हाच माहीत होतं. वर ये."

धर्मेशने मोबाइलचा उजेड बंद केला. 'तेव्हा' हा शब्द त्याच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. मग तो चढून वर आला. खाणीच्या कडेला बसून मी त्याला सगळं सांगितलं: रुमाल, दगड, आठवड्याने या. हात कोणाचा आणि दगड कसे येत होते, ते सांगितलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सायकल उचलली आणि निघून गेला. त्या दिवशी घरापर्यंत खडीवर एकाच सायकलचा आवाज होता.

आठ दिवस त्याचा फोन नाही. नवव्या दिवशी सकाळी सहाला खालून बेल वाजली. सायकल नव्हती, मोटरसायकल होती. "चला," एवढंच म्हणाला.

त्याने मला आईकडे नेलं. काशीबाई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. धर्मेशने त्यांना आधीच सांगितलं होतं. मी हात जोडले. त्यांनी हातातला वाल सोलून सुपात टाकला. मग म्हणाल्या, "धोंड्यान गेला तो. तुमी काय करनार व्हता?" आणि सुनेला चहा ठेवायला सांगितला.

मी ते धरून बसलो. धोंड्याने गेला, दगडाने नेला, माणसाचा दोष नाही. इतकी मोठी क्षमा इतक्या साध्या शब्दांत मला कोणी केली नव्हती. ती मला पचली नाही, पण मी घेतली. घरी आल्यावर खिडकीतले दगड एका गोणीत भरून उल्हास नदीत टाकले. त्यानंतर एकही आला नाही. धर्मेश महिन्याभराने पुन्हा सायकल घेऊन आला. आम्ही वाट बदलली.

६

श्रावण वद्य पंचमीला धर्मेशकडे वडिलांचं श्राद्ध असतं. दोन हजार अठरापासून मी दर वर्षी जेवायला जातो. कोरोनाची दोन वर्षं सोडली तर चुकलो नाही. तारीख कधी ऑगस्टच्या मध्याला यायची, कधी शेवटी. आमच्या घरातून पंचांग छप्पन साली गेलं, आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा. तिथी मला कळत नाही. धर्मेश फोन करायचा, मी जायचो.

दोन हजार तेवीस साली त्याचा फोन ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आला. मी म्हणालो, एवढ्या लवकर? अजून दिवस आहेत ना?

"नाय सर, या वर्षी दोन श्रावण. पहिला धोंड्याचा. बाबा धोंड्यातच गेलते ना, आई बोलली होती तुम्हाला. मग धोंड्याचा श्रावण आला की त्यात करायचं. एकोणीस वर्षांनी आला."

धोंड्याचा महिना मला माहीत नव्हता असं नाही. जावयाला अनारसे देतात तो अधिक महिना, एवढं कोणालाही माहीत असतं. पण मी दगडांचा माणूस. मला धोंडा म्हटलं की धोंडाच ऐकू येतो.

मी त्या दिवशी जेवलो की नाही, आठवत नाही. वारसनोंदीसाठी काढलेला मृत्यूचा दाखला धर्मेशच्या मोबाइलमध्ये होता, तो मी बघायला मागितला. पाच ऑगस्ट एकोणीसशे पंच्याऐंशी. मी तो माझ्या मोबाइलवर पाठवून घेतला, आणि त्या वर्षीचं जुनं पंचांग एकाकडून मिळवून ताडून बघितलं. बरोबर होतं. पाच ऑगस्ट, धोंड्याच्या श्रावणातली वद्य पंचमी. सहा ऑगस्टला तिघांना बाहेर काढलं आणि जाळलं.

म्हणजे आठ दिवस आधी, जुलैच्या अखेरीला, तो माझ्याकडे आला असला पाहिजे. माझी आठवण मात्र जुलै अखेरची नव्हती, ती ऑगस्ट सरतानाची होती. पण माझ्या आठवणीवर मी कधी विसंबलो आहे?

ऑक्टोबरात मी कॉलेजात गेलो. माझी एक विद्यार्थिनी, जिज्ञासा, आता तिथे शिकवते. तिने माळ्यावरून जुन्या नोंदवह्यांचं गाठोडं उतरवून दिलं आणि धूळ झटकायला स्वतःची ओढणी वापरली. बाहेरून कोणी नमुना आणून दिला की तारीख, गाव आणि देणाऱ्याची सही घ्यायची, असा आमच्या विभागाचा नियम होता. मी तो पाळला असेन हेसुद्धा मला आठवत नव्हतं.

जुलैत नोंद नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातही नाही.

पुढच्या पानावर आहे. अक्षर माझं आहे. दिनांक सत्तावीस ऑगस्ट एकोणीसशे पंच्याऐंशी, नमुना एक, गाव सोनिवली. देणाऱ्याच्या रकान्यात, शाई पाण्याने पसरलेली असली तरी वाचता येते अशी, हरिचंद्रची सही आहे.